खुंट्या बंद केलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे आणि रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी डोळे पुसत आठवणी सांगाव्यात अशी रीत आहे. आठवणी मी सांगेन, डोळे मात्र पुसणार नाही.

माझा जन्म बुधवार पेठेतल्या एका माडीवर झाला. दत्तोबा नावाच्या कारागिराने सागाच्या फळ्या जोडल्या, भात्याच्या घड्या चिकटवल्या आणि पितळेचा एकेक सूर कानाशी धरून घासला. सूर मनासारखा लागेपर्यंत तो चहालाही हात लावत नसे. पुढे मी एका गायन क्लासात नोकरी केली. तिथले गुरुजी गाणं कमी आणि स्वतःच्या मैफलींच्या गोष्टी जास्त शिकवत. क्लास बंद पडला, तशी मी एका फ्लॅटमध्ये गेले. तिथल्या माणसांना मी फार आवडत असे, पाहुणे आले की. एरवी माझ्यावर इस्त्रीचे कपडे असत. शेवटी त्यांनी मला दान केलं. घरातली अडगळ देताना माणसांना किती उदार वाटतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

अशी मी येरवड्याच्या एका सभागृहात आले. तिथे दर रविवारी दिग्विजयसर ‘सर्वांसाठी संगीत’ नावाची कार्यशाळा घेत. नाव तेव्हा खरं होतं, तेवढं श्रेय त्यांच्या खाती जमा करते. शाळकरी मुलं, आजीआजोबा, चाकाच्या खुर्चीतली माणसं, डोळ्यांनी न दिसणारी माणसं, सगळी एकत्र बसून गात. कोणाचा आवाज फाटला म्हणून कोणी मागे वळून पाहत नसे.

मला तिथे एक सोडून दोन वादक मिळाले. हिंमतराव निवृत्त बसचालक. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला होता आणि शब्द तुटक येत. ते डाव्या हाताने भाता हलवत. पट्ट्या दाबायला निकिता. वय विशीचं, पण जन्मापासून तिची बोटं तिचं उशिरा ऐकतात.

“काका, झोपलात का? हवा द्या,” ती म्हणे.

“बस... भरल्याशिवाय... सुटत नाही.”

“रिकामीच नेत असणार तुम्ही.”

वर्षभर खपून तिने आमच्या गाण्याची सुरुवात बसवली. सा, रे, ग आणि मग प. ग पासून प पर्यंत बोट पोचायला तिला वेळ लागे. तेवढा वेळ सगळे श्वास भरून थांबत. प वाजला की गाणं सुरू. तिची आई सुशीलाबाई सांगायच्या, “घरी जेवायच्या टेबलावर पेटी वाजवते. आमटी गार होते, पण प येत नाही तोवर कोणी जेवायचं नाही.” वार्षिक कार्यक्रमात निकिताला एवढंच हवं होतं, की गाणं तिच्या सुरांनी सुरू व्हावं.

कार्यक्रमाला एका कंपनीचे मोठे साहेब येणार असं ठरलं आणि दिग्विजयसरांना घाम फुटला. माझ्या तोंडावर चार खुंट्या आहेत. त्या ओढल्या की हवा सुरांपर्यंत जाते, आत ढकलल्या की मी मुकी. पडदा उघडण्याआधी सरांनी चारही खुंट्या आत ढकलल्या.

“सौरभ, तू पेटीचं रेकॉर्डिंग लाव,” ते साउंडवाल्याला म्हणाले. “चांगल्या वादकाकडून करून घेतलंय. हे दोघं नुसते बसतील. प्रेक्षकांना कळणार नाही.”

“आणि यांना?”

“यांना काय कळतंय?”

हाच माणूस दर रविवारी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता. मघाशी जमा केलेलं श्रेय मी तिथल्या तिथे खोडलं. ओरडायचं होतं मला, पण माझी हवा त्यानेच कोंडली होती.

पडदा उघडला. निकिताचं बोट अजून हवेत होतं आणि स्पीकरमधून सा आला. मग रे, ग, प, सगळे झटपट. तिने बोटाकडे पाहिलं. “काका, मी चुकले?”

मित्रांनो, माझा राग या प्रश्नाचा आहे. फसवणूक त्याने केली आणि चूक ती स्वतःत शोधत होती.

हिंमतरावांच्या हाताखाली भाता फळीसारखा घट्ट झाला होता. जन्मभर गाडीचे पेडल दाबलेला माणूस तो, त्याला कळायला एक दाब पुरला. “तू नाही,” ते म्हणाले. “बंद... केलीय.” आणि त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. स्पीकरमधली पेटी वाजतच राहिली.

पहिल्या रांगेतून सुशीलाबाई उठल्या. “अहो सर, हिंमतरावांचा हात मांडीवर आहे. मग पेटीला हवा कोण घालतंय?”

लोक हसले. दिग्विजयसर विंगेतून म्हणाले, “ताई, आपण बसा ना. नंतर बोलू.”

“नंतर तुम्ही फोटो काढाल. आत्ता बोला.”

सौरभने कोणाला न विचारता रेकॉर्डिंग बंद केलं. “खुंट्या,” हिंमतराव म्हणाले. निकिताने एकेक खुंटी ओढली, तिच्या वेगाने. मग सा आला. रे आला. ग आला. मंचावरचे सगळे श्वास भरून थांबले. संपलं असं समजून साहेबांनी टाळ्या सुरू केल्या.

“थांबा,” निकिता म्हणाली. “अजून आहे.”

साहेबांचे हात तसेच राहिले. प आला आणि पाठोपाठ सगळं सभागृह गाऊ लागलं.

शेवटी दिग्विजयसरांनी माईक घेतला. “हे आम्ही मुद्दामच असं ठेवलं होतं. सरप्राइज म्हणून.”

“वा,” सुशीलाबाई म्हणाल्या. “माझी मुलगी घाबरली, तेही तुम्हीच बसवलं असेल.”

आता जुन्या वस्तूने काळजी घ्यायला सांगायची वेळ आली. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखाद्या मुलीला मागच्या रांगेत उभं करून कोणीतरी सांगतं, “तू नुसते ओठ हलव.” ती कोण, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही तेव्हा गप्प बसता, कारण गाणं चांगलं व्हायला हवं असतं. तिला सगळं कळत असतं. पुढच्या तालमीला तिच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि तिला मोठ्याने गायला सांगा. गाणं बिघडलं तर बिघडू दे.