एक तेहतीस, एक चौतीस

"वाढता पाय आहे, एक नंबर मोठीच द्या," पोरीची आई म्हणाली, आणि बुटक्या स्टुलावर बसलेल्या बाईंचं डोकंच फिरलं.

दुकानात येणाऱ्या मुली त्यांना चिमटाबाई म्हणत. बॅलेची सपात पायात चढवली की टाचेमागचं कापड त्या दोन बोटांत धरून बघत. चिमटीत आलं, तर सपात सैल. तीस वर्षं हेच काम. स्वतः त्या एक पाऊलही नाचल्या नव्हत्या.

"ताई, हा काय स्वेटर आहे, पुढच्या वर्षीही घालायला? सैल सपातीनं पोर तोंडावर आपटतं."

"आपटतेच आहे की दोन वर्षं! नाचाचे सर म्हणतात, हिचं लक्षच नसतं. आता कार्यक्रमात पडली तर नाव काढून टाकणार आहेत. मीही रोज कानीकपाळी ओरडते. धांदरट मेली!"

आठ वर्षांची ती धांदरट मान खाली घालून बसली होती.

बाईंनी तेहतीस नंबर चढवला. "कशी वाटते?"

"छान."

छान कसली! डाव्या सपातीत पोरीनं बोटं मुडपून घेतली होती. चौतीस घातला तर डावा पाय नीट बसला, पण उजव्या टाचेमागचं कापड चिमटीत आलं. बाईंनी दोन्ही पावलं शेजारीशेजारी धरली. डावं चांगलं एका नंबरानं मोठं होतं.

"कधी सांगितलं नाहीस गं, की नीट बसत नाही?"

"सांगितलं होतं," ती पुटपुटली. "सर म्हणाले, नाटकं करू नकोस."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन मोठी माणसं दोन वर्षं या पोरीला बोल लावत होती, आणि एकालाही खाली वाकून तिचे पाय बघावेसे वाटले नव्हते! त्यांनी एक तेहतीस उचलली, एक चौतीस. या सपातांना डावं-उजवं नसतंच.

"जोडी फोडायची नाही!" गल्ल्यावरून मालक ओरडला. जुन्या मालकांचा हा मुलगा. त्याच्या पहिल्या बुटांचं मापही बाईंनीच घेतलं होतं. "उरलेल्या काय मी घालू?"

"मग पोरीचा पाय कापू का?" म्हणत बाईंनी चौतीस डाव्या पायात चढवली, तेहतीस उजव्या.

पोर फळीला धरून चवड्यांवर उभी राहिली. मग तिनं हात सोडला. पडली नाही. आई खाली बसली आणि पहिल्यांदाच पोरीची पावलं निरखू लागली.

उरलेल्या दोन सपाता बाईंनी एका खोक्यात घातल्या. झाकणावर लिहिलं, 'एक तेहतीस, एक चौतीस', आणि खोकं दर्शनी फळीवर ठेवलं.

"उद्यापासून माप घेणं बंद," मालक म्हणाला. "गिऱ्हाईक नंबर सांगेल, तुम्ही खोकं द्यायचं."

दुसऱ्या दिवशी बुटकं स्टूल जागेवर नव्हतं. एक मुलगी वडिलांचा हात धरून आत येत होती. बाईंनी मालकाकडे पाहिलंही नाही. गुडघे दाबत त्यांनी सरळ फरशीवर बसकण मारली.

"ये बाळा," त्या म्हणाल्या, "आधी पाय दाखव."