अर्ध्या घरातला घोडा

चूक तशी ताईचीच. वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत तिने बुद्धिबळ शिकायला आलेल्या मुलांना सांगितलं, "घोडा अडीच घरं चालतो." तिलाही लहानपणी असंच सांगितलं होतं आणि तिने काही विचारलं नव्हतं. पण टिचकीने विचारलं. टिचकी पहिलीत होती. पुढचे दोन दात रजेवर.

"अर्ध्या घरात कोण राहतं?"

ताई कॉलेजातून परस्पर शिकवायला आली होती, पोटात कावळे ओरडत होते. ती म्हणाली, "घोडाच. दमला की तिथं झोपतो."

झालं. पुढच्या शनिवारपासून वर्गातले झाडून सगळे घोडे दोन घरांमधल्या रेषेवर जाऊन झोपू लागले. झोपलेल्याला मारायचं नाही, हे मुलांनी आपसांत ठरवून टाकलं. हत्ती त्यांच्या शेजारून चवड्यांवर जायचे. शह द्यायचा तो कानात. वर पंखा जांभया देत फिरायचा, खिडकीतलं ऊन पटावरून सरकत एकेक घर पिवळं करायचं, आणि एकही डाव संपायचा नाही.

"हे बुद्धिबळ नाही, पाळणाघर आहे," ताईच्या जोडीला शिकवणारा चष्मा म्हणाला. तो खऱ्या स्पर्धा खेळलेला होता, त्यामुळे त्याला जगात फारसं काही आवडत नसे. "तूच निस्तर."

ताईने प्रयत्न केला. "घोडा उठला बरं का आता!"

टिचकीने घोड्याला कान लावला. "नाही उठला."

अशात ग्रंथपालकाकांना ती खोली शिवणवर्गासाठी हवी झाली. "त्यांची निदान पिशवी तरी शिवून होते," काका म्हणाले. "तुमचा एक तरी डाव पुरा होतो का? शनिवारी मी खेळतो. कुणावरही येऊ दे, मात झाली तर खोली तुमची. नाहीतर मशिनं वर येतील."

ताईचा जीव टांगणीला लागला. तिने आजवर गिटार, पोहणं आणि एक कासव सुरू करून पाहिलं होतं. कासवसुद्धा निघून गेलं. ही मुलं मात्र परत परत येत होती.

शनिवारी काकांसमोर टिचकी बसली. थोड्याच वेळात तिचा घोडा रेषेवर गेला.

"हा कुठं चालला?"

"झोपायला."

काकांनी मान डोलावली. तेही दुपारी झोपत. खेळ पुढे सरकला, सोंगट्या एकेक करून पटाबाहेर गेल्या, ऊन भिंतीवर चढलं. मग टिचकीने वजीर पुढे केला आणि काकांच्या कानात म्हणाली, "शह."

काकांनी राजा उचलून शेजारच्या घरात नेला.

"तिथं नाही. घोडा आहे."

"तो झोपलाय ना?"

"कूस बदलली तर?"

काकांनी राजा पलीकडच्या घरावर धरला.

"तिथं त्याचे पाय आहेत."

सगळा वर्ग पटाभोवती गोळा झाला. चष्म्याचं तोंड उघडं पडलं, पण नियम बाहेर येईना. ताईला नुसतं गप्प बसायचं होतं, खोली हातात होती. तेवढंच तिला जमेना.

"काका, अर्धं घर नसतंच," ती म्हणाली. "मी थाप मारली होती. ही मात नाही."

"थांब गं जरा. बघतोय ना मी." काका पटावर इतके वाकले की त्यांचा श्वास घोड्याला लागला असावा. बराच वेळ ते राजाला घेऊन मनातल्या मनात त्या घरांमधून हिंडत राहिले. शेवटी त्यांनी राजा अलगद आडवा केला, आवाज न होऊ देता.

"कुठंच जागा नाही त्याला. मात." खिशातली खोलीची किल्ली त्यांनी ताईपुढे सरकवली. "शिवणवर्ग खाली बसवतो. मशिनांचा आवाज फार होतो, हा उठेल."

मग टिचकीकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "त्या अर्ध्या घरात आणखी एकाची सोय होईल का गं?"

टिचकीने घोड्याकडे पाहिलं.

"विचारावं लागेल," ती म्हणाली. "पण आत्ता नको."