टेपचे मागचे पाय

आमच्या दवाखान्याला दार एक, मतं दोन. पुढच्या खोलीत मी, जनावरांचा डॉक्टर. मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण. तीही शिकलेली डॉक्टरच, पण नंतर मणके बसवायची विद्या शिकून आली. मी त्याला चोळाचोळी म्हणतो. माझ्या चिठ्ठीशिवाय तिच्याकडे पेशंट जायचा नाही, असा नियम मी केला आणि तीन वर्षांत एकही चिठ्ठी लिहिली नाही. बिचारी तबेल्यांत जाऊन घोड्यांच्या पाठी बघायची.

एका सकाळी शिंपीकाका आपल्या कुत्र्याला उचलून आले. लांबलचक अंग, आखूड पाय, म्हणून नाव टेप. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. काका माझा नियम धाब्यावर बसवून थेट मागे घुसले. बहिणीला झापायला मी सुंदर भाषण जुळवत होतो, तेवढ्यात तीच बाहेर आली.

"दादा, मणक्यातली चकती सरकलीय. मी बोटही लावणार नाही. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन कर."

भाषण तसंच ठेवून मी टेपला टेबलावर घेतलं. एक्स-रे काढला, तिचं खरं निघालं.

ऑपरेशन झकास झालं. पण टेप काही उठेना. मी रोज त्याच्या मागच्या बोटाला चिमटा काढायचो, तो माझ्याकडे ते बोट परक्याचं असल्यासारखा बघायचा. बोटाला जाणीव आली नाही तर पाय गेलेच. काका रोज विचारत, "आज?" दहाव्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. निमूटपणे चिठ्ठी लिहिली आणि मागे गेलो.

तिने ती वाचली. "कारण लिहिलं नाहीस."

"तुला दिसतंय ना!"

"नियम तुझाच आहे."

मी दात-ओठ खात लिहिलं, 'मला पुढे सुचत नाही.'

टाक्यांच्या जवळपासही न जाता ती रोज टेपची मान आणि खांदे मोकळे करू लागली. सगळा भार ओढून ते दगड झाले होते. माझी औषधं चालूच होती. आठवडा गेला. मी चिमटा काढला आणि टेपने वळून कडाडून माझा हात धरला.

"माफ करा हो डॉक्टर!" काका रडकुंडीला आले. "हा जन्मात कुणाला चावला नाही!"

"चावू दे!" मी ओरडलो. "अहो, त्याला दुखलं! अगं ए, बाहेर ये, चावला!"

बहीण धावत आली. माझ्या हातातून रक्त गळत होतं आणि डोळ्यांतून पाणी. ऑपरेशनने झालं की तिच्या बोटांनी, कोण जाणे. त्या वेळी मला त्याचं काही पडलं नव्हतं.

"दुसरा पाय बघितलास?" तिने विचारलं.

"तू बघ ना."

"छे रे. मला माझी दहाही बोटं लागतात."

मी दुसरा हात पुढे केला.