शनिवारसाठी कोट

"माणसांच्या दोनच तऱ्हा," तोंडातल्या टाचण्या गालाशी सारत आईने जाहीर केलं, "कोटवाली आणि झगेवाली. चाळीस वर्षं शिवतेय मी."

हे त्रिकालाबाधित सत्य सांगताना तिच्या अंगात दिवंगत नवऱ्याचा पायजमा होता, त्यावर मॅक्सी, आणि मॅक्सीवर त्याचाच स्वेटर.

आरशासमोर स्टुलावर उभी असलेली मुलगी या पायावरून त्या पायावर होत राहिली.

"हलू नकोस गं. खांबावर चढतेस तेव्हाही अशीच वळवळतेस?"

"खांबावर कुणी टाचण्या टोचत नाही, आई."

मुलगी वीज कंपनीत वायरमन होती आणि गल्लीही तिला वायरमनच म्हणे. आखूड केस, दंडावर भाजल्याचा डाग, कमरेला पक्कड. येत्या शनिवारी तिचं नर्सबाईशी लग्न होतं. नर्सबाईचे केस कमरेपर्यंत, ओठ कायम रंगवलेले, आणि सुटीच्या दिवशी टाचा इतक्या उंच की खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन वर येत. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांच्या कंपूत ती पहिल्यांदा गेली, तेव्हा यजमानीणबाईंनी अगत्याने विचारलं होतं, "कुणाला सोडायला आलात का?" वायरमनला असलं कधी कुणी विचारलं नाही. तिच्याकडे बघून सगळ्यांना सगळं कळायचं. कधीकधी तर तिच्याही आधी.

आईला ते कळलं, तेव्हा तिने सहा वर्षं अबोला धरला. दोन महिन्यांपूर्वी ती आपणहून लेकीच्या दारात आली. काखेत कापडाचा गठ्ठा. "कोटाचं आहे," एवढंच म्हणाली, आणि चहा न घेता गेली. तो हा कोट. खांद्याला बेताची भर, रेशमी अस्तर, काजं पुरुषी बाजूला. सहा वर्षांची माफी आईने त्यात टाक्याटाक्याने शिवली होती.

आणि गेले आठ दिवस वायरमनला झगा हवा होता.

नर्सबाईबरोबर कापडाच्या दुकानात गेली असताना एक निळं, पाण्यासारखं कापड हाताला लागलं होतं, आणि हात सुटेना. सांगावं, तर आई पुन्हा उठून जाईल. न सांगावं, तर शनिवारभर या कोटात उकडत हसायचं.

"कोट फार छान झालाय, आई."

"माहितेय मला."

"मला तो घालायचा नाहीये."

आईचा हात थांबला. तिने एकेक टाचणी काढून डबीत टाकली.

"म्हणजे शनिवार रद्द?"

"शनिवार आहे तिथेच आहे. मला झगा हवाय."

"मग कोट नर्सबाईंना?"

"तिचाही झगाच आहे. लाल."

आई खुर्चीत मटकन बसली. "दोघी झग्यात? अगं, लोकांना कळणार कसं?"

"काय कळायचंय?"

"कोण कोण ते!"

"अकरा पाहुणे आहेत, आई. सगळे आम्हाला ओळखतात."

आईने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

"नऊ वर्षांची होतीस. झालरीचा झगा शिवला होता मी. कात्रीने कापलास."

"तेव्हा मला विचारलं नव्हतंस."

"आता तरी कुठे विचारलं," आई पुटपुटली.

तिने लेकीच्या अंगातला कोट हलकेच उतरवला, घडी केली आणि खोलीबाहेर गेली. आत कडी वाजली. वायरमन स्टुलावर तशीच उभी. उतरावं की थांबावं? खाली पाहिलं, तर पायाची बोटं लाकडात रुतल्यासारखी आवळलेली.

आई परतली ती जुन्या वर्तमानपत्रांचा भारा घेऊन. तिने पानं जमिनीवर पसरली, गुडघे टेकले, कानामागचा खडू काढला.

"लांबी किती?"

लेक गडबडली. "घोट्यापर्यंत. नाही, जरा वर. नाही, घोट्यापर्यंतच."

"बाही?"

"नको."

"डाग दिसेल."

"दिसू दे."

आईने खडूने रेघ ओढली. वायरमन स्टुलावरून उतरली.

"आई, या सहा वर्षांत मी रोज—"

"ते सांग नंतर. आधी तो पंखा बंद कर, कागद उडतायत."