मागच्या खोलीतल्या बाई

माझे बाबा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होते. दिवसभर खाकी कापडाचे थर कापायचे आणि घरी आले की कधीच्या मोडलेल्या राजवटींचे गणवेश रंगवायचे, अंगठ्याएवढ्या धातूच्या सैनिकांच्या अंगावर. मागच्या खोलीतल्या काचेच्या कपाटांत स्वार, भालाईत, नगारे वाजवणारे अशा पलटणीच्या पलटणी उभ्या होत्या. गल्लीत सगळे त्यांना सेनापती म्हणायचे आणि आईला ओघानेच सेनापतीणबाई. आई म्हणायची, "राज्यं हे जिंकतात आणि भाजी मला आणावी लागते."

पण संध्याकाळी तीच त्यांच्या शेजारी बसायची. जुन्या गणवेशांच्या पुस्तकातून वाचून दाखवायची, बाहीची पट्टी पिवळी, पट्टा पांढरा, बटणं पितळी. बाबा बुचावर चिकटवलेला सैनिक हातात धरून एकेक रंग चढवायचे, मग कोटाच्या घड्यांत पातळ तपकिरी रंग सोडायचे. डोळे सगळ्यांत शेवटी. डोळ्यांचा ठिपका देताना ते श्वास रोखायचे, आणि शेजारी बसलेली आईही रोखायची.

पट्ट्याची छटा चुकली म्हणून अख्खा स्वार खरवडून काढणारा हा माणूस. त्यांनी एकदा एकाच पलटणीच्या तिघांना तीन रंगांचे कोट दिले, तेव्हा आईने हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. पुढे किल्ल्या हरवल्या, शेजाऱ्यांची नावं गेली, माझं नाव गेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे आता वाढतच जाणार, असंही सांगितलं.

एका दुपारी बाबा कपाटापुढे कितीतरी वेळ उभे होते. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "कुणी रंगवलंय गं हे? काय हात आहे! या माणसाला भेटायला पाहिजे."

आईने खरं ते सांगितलं. म्हणाली, तुम्हीच रंगवलंय सगळं. बाबांना आधी थट्टा वाटली. मग ते टेबलाशी बसले, ब्रश उचलला आणि एका सैनिकाच्या चेहऱ्यावर टेकवला. रंग हनुवटीपर्यंत ओघळला. "मग मला का येत नाही?" असं विचारून ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा तेच विचारलं, आणि आईने पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच रडणं. तिसऱ्यांदा मात्र तिची हिंमत झाली नाही. ती तेव्हा कपाट पुसत होती, अंगावर बाबांचा रंगांनी माखलेला एप्रन होता.

"मी रंगवलंय," ती म्हणाली.

बाबा अदबीने दोन पावलं मागे सरले. "बाई, मला शिकवाल का तुम्ही?"

आई मला नंतर म्हणाली, आजाराचं नाव ऐकलं तेव्हा मी रडले नव्हते. पण उभ्या जन्मात त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं गं.

तिने शिकवायला घेतलं. आयुष्यभर नुसतं पाहिलेलं आता स्वतः करून पाहू लागली. तिचे पहिले स्वार भेदरलेल्या घुबडासारखे दिसायचे. मागच्या खोलीला गल्लीकडून वेगळं दार होतं. बाबा जेवून, बाईंकडे जातो म्हणत पुढच्या दाराने निघायचे, घरांच्या रांगेला वळसा घालून मागच्या दारावर टकटक करायचे. तोवर आई घरातूनच मागे जाऊन एप्रन चढवून तयार. आईने सांगून ठेवलं होतं, म्हणून वळणावरचा इस्त्रीवाला त्यांच्यावर लक्ष ठेवायचा. रंगाआधी अस्तराचा हात कसा द्यायचा, ब्रशचं टोक ओठांवर नाही, कागदावर कसं साधायचं, हे सगळं बाबा रोज नव्याने शिकत. मन लावून, न कुरकुरता. आणि दिवस कलला की ब्रश धुऊन म्हणत, "निघतो बाई. घरी बायको वाट बघत असेल."

मग पुन्हा तोच वळसा. आई धावत पुढे येऊन दार उघडायची. चहा घेताना बाबा तिला बाईंचं कौतुक सांगत. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, हात जरा जड आहे, पण येईल हळूहळू. आई ते ऐकून हसायची. मी एकदा तिला म्हटलं, तू दमून जाशील अशाने. ती म्हणाली, दिवसातून एकदा तरी ते माझ्याकडे परत येतात, तुला नाही कळायचं.

थंडीचे दिवस आले. एका संध्याकाळी आईने नेहमीसारखं पुढचं दार उघडलं. बाबा पायरीवर उभे होते. तिला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बाई, बरं झालं तुम्ही भेटलात. माझं घर सापडत नाही."

"हेच घर. आत या ना."

"नाही हो. माझ्या घरी दार बायको उघडते."

आईने एप्रन काढलेला होता, केस नीट केले होते. तिने त्यांना लग्नाआधीच्या लाडक्या नावाने हाक मारली. बाबा संकोचले आणि एक पायरी खाली उतरले. शेवटी, बायको येईपर्यंत आत बसा, बाहेर गारठा आहे, असं सांगून तिने त्यांना घरात घेतलं. ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे, पायातले बूट न काढता, खुर्चीच्या कडेवर बसले.

त्यानंतर ते मागच्या खोलीत गेले नाहीत. आपण शिकायला जायचो आणि नेमकी बायको येऊन गेली तर, अशी धास्ती त्यांना लागून राहिली. दिवसभर दाराकडे डोळे. ती कशी आहे, असं आईने विचारलं की सांगायचे, रागावली की बोलत नाही, भांडी आपटते, पण मनात काही ठेवत नाही. आई समोर बसून ऐकायची. दोघं मिळून तिची वाट बघायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात मी पायथ्याशी होते, आई उशाशी. त्यांनी तिला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"बाई, ती आली तर सांगाल? मी खूप थांबलो म्हणावं."

"सांगते," आई म्हणाली.

पहाटे ते गेले. भेटायला आलेल्या एका काकूंनी आईचा हात धरून विचारलं, शेवटी तरी ओळखलं का हो त्यांनी तुम्हाला? मला वाटलं, आई लोकांसाठी हो म्हणेल. तिने मान हलवली. नाही ओळखलं, म्हणाली, आणि काकूंसाठी चहा टाकायला उठली.