एमआरआयच्या खोलीतला हाकेचा फुगा

मी एक जुना रबरी फुगा आहे. जत्रेतला नव्हे, मला ना दोरा ना रंग. लिंबाएवढा, राखाडी, आणि मागे लांबलचक बारीक नळी. नेरूळच्या एका तपासणी केंद्रात, एमआरआयच्या यंत्राशेजारी एका प्लास्टिकच्या आकड्याला मी नऊ वर्षं लटकलो. माझं काम एकच. आत झोपलेल्या माणसाला असह्य झालं की त्याने मला दाबायचं. माझ्या पोटातली हवा नळीतून काचेपलीकडच्या खोलीत जाते, तिथे घंटी वाजते आणि कुणीतरी धावत येतं. त्या यंत्रात मोठा थोरला लोहचुंबक आहे, आणि तो दिवसरात्र जागाच असतो. लोखंडाचं काहीही त्याच्याजवळ न्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. म्हणून माझ्यासारख्या रबराला तिथे जागा मिळाली.

मित्रांनो, माझा जन्म मला थोडासाच आठवतो. साच्यातून गरम गरम बाहेर पडलो तेव्हा एका बाईने मला कानाशी धरून दाबलं. हवा कुठून निसटते का, हे ती ऐकत होती. मग मान डोलावून तिने मला खोक्यात ठेवलं. तेवढीच माझी परीक्षा. पुढे नऊ वर्षांत माझ्या आत काय चाललंय हे कुणी कान लावून ऐकलं नाही.

हात मात्र मी पुष्कळ पाहिले. चेहरा बघायची मला गरज पडत नाही, मुठीवरून माणूस कळतो. वाशीचे एक साहेब बाहेर मोबाइलवर दहा जणांना दरडावून आत आले आणि चौथ्या मिनिटाला त्यांनी मला दाबलं. का, तर म्हणे नाक खाजतंय! बहुतेक माणसं मला शेवटपर्यंत दाबत नाहीत, नुसतं धरून ठेवतात. कामोठ्याचे एक आजोबा उठताना मला गोंजारून म्हणाले, "हा हातात होता म्हणून निभावलं बुवा." त्या दिवशी मी आकड्यावर जरा ताठच लटकलो होतो.

सातव्या वर्षी माझ्या नळीला चीर गेली. तिला चिकटपट्टी गुंडाळली. धनाजी सर, म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ, साताऱ्याकडचे. त्यांनी नवा फुगा मागवण्याचा अर्ज तीनदा भरला. तो कुठल्या टेबलावर जाऊन बसला, देव जाणे. मलाही वाटलं, अजून आवाज निघतोय ना, चालतंय की. हे माझंही चुकलंच.

आता भाविकाची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही कसंतरी होतं.

भाविका सारसोळ्याची. वय तेवीस, नोकरी एका कुरियरच्या कचेरीत. तिची पाळी आठ महिने बंद होती. लग्न झालेलं नसताना अंगावर दूध येऊ लागलं होतं, आणि वस्तीतल्या बायका तिच्या पोटाकडे बघून कुजबुजू लागल्या होत्या. रक्त तपासलं तर एक हार्मोन भलतंच वाढलेलं. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ असेल आणि ती वाढून डोळ्यांच्या शिरेवर दाब देत असेल, तर दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलं, आतला फोटो हातात आल्याशिवाय उपचार ठरवता येणार नाही. त्याच आठवड्यात तिने स्कूटर सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला घासली होती. बाजूचा खांब तिला दिसलाच नव्हता.

पहिल्या वेळी ती आली तेव्हा धनाजी सर सुट्टीवर होते. अभिराम नावाचा नवा तंत्रज्ञ होता. वाईट नाही हो, पण सदा घाईत. त्याने तिच्या डोक्यावर तो पिंजऱ्यासारखा साचा बसवला, मला तिच्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "काही वाटलं तर दाबा, ओके? हलू नका." पलंग आत सरकला. सरकताना माझी नळी पलंगाच्या कडेखाली चेपली. ते त्याने पाहिलं नाही.

ठोक्यांचा आवाज सुरू झाला. सहाव्या मिनिटाला भाविकाने मला दाबलं. माझी हवा चेपलेल्या जागेपाशी अडली आणि चिरेतून निसटून गेली. घंटी वाजली नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. तिची नखं माझ्या अंगात रुतली, ती ओरडत होती, आणि त्या गदारोळात तिचं ओरडणं मला सोडून कुणालाच ऐकू येत नव्हतं. मी सतरा वेळा दाबला गेलो. सतरा वेळा मुका राहिलो. शेवटी ती पाय झाडू लागली तेव्हा अभिरामचं काचेतून लक्ष गेलं.

बाहेर आल्यावर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी बोलवत होते. कुणी आलंच नाय." आणि चप्पल न घालताच निघून गेली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिची माफी मागितली असती.

धनाजी सर परत आले, त्यांना सगळं कळलं. त्यांनी अभिरामला फार झापलं नाही. मला हातात घेऊन नळी इंच इंच तपासली, चिरलेला तुकडा कापून सांधा नव्याने बसवला, आणि अभिरामला आत झोपवून माझ्यासकट पिंजऱ्यात अर्धा तास ठेवलं. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

तीन आठवड्यांनी भाविका पुन्हा आली. भूल देऊन फोटो काढायचा तर मोठ्या रुग्णालयात जावं लागणार होतं आणि तिथली तारीख महिन्यानंतरची होती. तेवढं थांबायला डॉक्टर तयार नव्हते. सोबत आई होती, जमुना. मासळी बाजारात बसणारी, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी तोही खाली गेला होता.

धनाजी सरांनी तिला सगळं विचारलं, केसांतल्या पिना काढायला लावल्या, हातातलं यंत्र अंगावरून फिरवून लोखंड नसल्याची खात्री केली. मग ते जड दार उघडायला वळले. तेवढ्यात जमुनाने लेकीच्या मुठीत काहीतरी सरकवलं. "धर, बाय. कोनाला सांगू नको."

मला ते कळलं, कारण ती आडवी झाल्यावर मला त्याच अर्धवट मिटलेल्या मुठीत दिलं गेलं. तो खिळा होता. दीड इंची, गंजका, गार. भाविकाच्या आजोबांच्या होडीचा. ती होडी कधी बुडाली नाही, म्हणून ती मोडली तेव्हा घरात तिचा एक खिळा जपून ठेवला होता. कुणी अवघड कामाला निघालं की तो त्याच्या हातात द्यायचा, ही त्या घरची रीत. मायेने दिला होता हो त्या बाईने. लोखंडाचा नियम आपल्या देवमाणसासारख्या खिळ्याला लागू होत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मी मात्र घाबरून गेलो. नऊ वर्षं त्या चुंबकाशेजारी काढलेला मी! तिची मूठ सुटली तर खिळा गोळीसारखा सुटणार आणि वाटेत तिचा चेहरा. सांगू कसं? मला दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

सरांनी साचा बसवला. पलंग वीतभर सरकला आणि खिळ्याने हिसका दिला. भाविकाची मूठच यंत्राकडे ओढली गेली. भीतीने तिने जीव खाऊन मूठ आवळली. खिळ्याचं टोक माझ्या पोटात घुसलं. माझी हवा दोन्हीकडून निघाली, पण जेवढी नळीत गेली तेवढी पुरली. पलीकडे घंटी वाजली.

"सर, वाजली!" अभिराम तिकडून माइकवर ओरडला.

सरांनी पलंग तिथेच थांबवला. "काय आहे हातात?"

"आजोबाचा खिळा," ती कशीबशी म्हणाली.

"मूठ उघडू नको. अजिबात उघडू नको, बाळा." त्यांनी एका हाताने तिची मूठ गच्च धरली, दुसऱ्याने साचा काढला, माझी नळी सांध्यातून उपटली आणि तिला तशीच धरून दाराबाहेर आणलं. मी खिळा सोडला नाही. नऊ वर्षांत माझ्या हातून झालेलं हे एकच धाडस.

बाहेर मूठ उघडली. मी फाटलो होतो.

"अहो मावशी!" सरांचा आवाज चढला, मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तो उतरला. "हा खिळा तिच्या डोळ्यात गेला असता."

जमुनाने खिळा उचलून घेतला. "मीच दिला. मना वाटला, तिच्या संगती काय तरी आपला असू दे. मागल्या टायमाला ती एकटीच होती ना, दादा."

भाविकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "दुसरा फुगा आहे ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. मला चिकटपट्टी लावून तिच्या हातात दिलं असतं तर तिला कळलंही नसतं. सर म्हणाले, "नाही. दुसरा नाही. हा फुटलाय, याची घंटी आता वाजणार नाही. तुला फसवून आत नेणार नाही मी."

भाविका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मग मला नाय जमणार. सॉरी. मला खरंच नाय जमणार."

सर जमुनाकडे वळून म्हणाले, "मावशी, तुम्ही आत बसाल? तिच्या पायाशी. तिने अंगठा तुमच्या तळव्यात रोवला की तुम्ही हात वर करायचा. हा अभिराम काचेतून तुमच्यावरची नजर काढणार नाही. पण अंगावरचं सगळं उतरवावं लागेल. मंगळसूत्र, जोडवी, नथ, सगळं."

जमुनाचा हात गळ्याशी गेला. "सोनंचांदी तरी राहू द्या, दादा. हिचा बाप खाडीत हाय. पहाटेच होडी घेऊन गेलाय. तो पान्यावर असताना मी हे काडत नाय. लगीन झाल्यापासून कदी काडला नाय."

"आत काय राहू द्यायचं ते मी नाही ठरवू शकत, मावशी. नियम आहे."

तिने एकदा दाराकडे बघितलं, जणू तिथून खाडी दिसत होती. एकदा लेकीच्या पाठीकडे बघितलं. मग मंगळसूत्र काढलं. नथ काढली. जोडवी निघेनात, तेवीस-चोवीस वर्षांत बोटं त्यांच्याभोवती वाढली होती. साबण लावून, दात ओठ खाऊन तिने ती काढली. बोटांवर पांढरे वळ उमटले. सगळं रुमालात बांधून, वर तो खिळा ठेवून तिने ते अभिरामच्या हातात दिलं. "कपाटात नको. हातात धर. मी बाहेर येईपरत खाली ठेवू नको." त्याने रुमाल मुठीत घट्ट धरला.

जमुनाच्याही अंगावरून ते हातातलं यंत्र फिरवून झालं. भाविका पुन्हा आडवी झाली. तिने मला मागितलं. "वाजत नाय माहितीये. नुसता धरते."

यंत्र धडधडू लागलं. तिची मूठ दगडासारखी होती. पहिल्या खेपेचं सतरा वेळा दाबणं तिच्या बोटांना आठवत होतं, मलाही आठवत होतं. बाराव्या मिनिटाला तिने पायाचा अंगठा आईच्या तळव्यात रोवला. जमुनाचा हात ताडकन वर गेला.

आवाज बंद झाला. लगेच. वरच्या स्पीकरमधून सरांचा आवाज आला, "बोल भाविका, ऐकतोय. बाहेर काढू?"

"नको," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "काय नाय. ऐकू जातं का बघितलं."

"जातं, बाळा. हवं तितक्यांदा बघ."

मित्रांनो, तेव्हा ती मूठ सैल झाली. भीती गेली नव्हती. पण मला आता कुणी चिरडत नव्हतं. मधे फोटो स्पष्ट यावा म्हणून सुईतून औषध गेलं, पुन्हा ठोके पडले, आणि फोटो पुरा झाला. तिने पुन्हा अंगठा रोवला नाही.

बाहेर येताच जमुनाने अभिरामच्या मुठीतून रुमाल घेतला. आधी मंगळसूत्र घातलं, मगच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही लागला. भाविकाने तिचा हात धरला होता. तिसऱ्यांदा पलीकडून तिच्या नवऱ्याचा, रामचंद्रचा आवाज आला, "अगं, जेट्टीला लागलो आताच. पोरीचा झाला का?" तेव्हा ती बाई इतका वेळ दाबलेलं सगळं रडली.

गाठ होती. लहान होती, गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारखी होती. हे मला सहा महिन्यांनी कळलं, भाविका पुन्हा फोटो काढायला आली तेव्हा. मी आता काचेपलीकडच्या खोलीत, धनाजी सरांच्या टेबलाच्या खणात असतो. माझ्या जागी एक लाल, गुबगुबीत नवा फुगा लटकतो. माझं भोक पाहिल्यावर तो अर्ज एका दिवसात मंजूर झाला! जमुनाही आली होती. कुणी सांगायच्या आधीच ती बाकावर बसून जोडवी काढत होती. "होडी आज पन खाडीत हाय," ती अभिरामला म्हणाली, आणि रुमाल त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

मित्रांनो, मी फुटका फुगा, तुम्हाला काय शिकवणार? एकच मागणं आहे. घाबरलेल्या माणसाच्या हातात "काही वाटलं तर सांग" असं म्हणून काही देणार असाल, तर आधी त्याची नळी तपासा. त्याला एकदा हाक मारून बघू द्या, आणि तुम्ही ओ द्या.

त्या दिवशी खणात पडल्या पडल्या मी ऐकलं. आत जाऊन झोपल्यावर भाविकाने नवा फुगा एकदाच दाबला. घंटी वाजली. धनाजी सर म्हणाले, "ऐकतोय." आणि ती म्हणाली, "बास. आता सुरू करा."