समोरच्यांची बाजू

आमच्या शहरात स्वस्त घरांसाठीचा निधी वाटायची एक वेगळीच तऱ्हा आहे. मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्यांकडून पालिका जी फी घेते, तिच्यातला एक वाटा गरजूंच्या घरांसाठी बाजूला पडतो. त्यावर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ. अर्ज येतात, अर्जांना गुण मिळतात: भाडं किती कमी, बसथांबा किती जवळ, बांधकाम किती लवकर उरकेल. वरच्या दोघांचे गुण जवळजवळ सारखे आले की त्या दोघांना पालिकेच्या समितीपुढे जाहीर सभेत बोलावतात. आधी प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडायचं. आणि मग समोरच्यांनाच पैसे का मिळावेत, हेही आपणच सांगायचं! जुन्या एका अध्यक्षांनी रोजच्या भांडणांना कंटाळून हा नियम केला म्हणे. भांडणं थांबली, पण लोकही हुशार. "त्यांच्या जिन्यात उजेड छान येतो," एवढं बोलून खाली बसतात.

यंदा त्या दोघांत आम्ही होतो. आम्ही म्हणजे भाड्याच्या एकेका खोलीत संसार मांडलेली कुटुंबं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर आमची इमारत व्हायची होती. माझं त्यात काय अडलं होतं ते सांगायला आमची खोली पुरे. पलंग, कपाट, टेबल, गॅसचा ओटा, आणि या सगळ्यांच्या मधे फरशीची एक पट्टी. आमची लेक, गुंडी, नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. हात सोडून निघाली की दुसऱ्या पावलाला कपाट. तिने चालायला मोकळ्या जमिनीवर शिकावं, एवढंच मला हवं होतं. नवरा म्हणायचा, "अगं, मीही अशाच खोलीत चालायला शिकलो." मी म्हणायचे, "म्हणूनच दिसेल तिथे धडकतोस."

आमची बाजू मांडायचं काम बस चालवणाऱ्या काकांकडे गेलं. त्यांचा आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेलाही जागा व्हावा. समोरच्यांची बाजू माझ्या सासूबाईंकडे. आई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांची निवड सगळ्यांनी गालातल्या गालात हसत केली, कारण कुणाचं चांगलं बोलायचं म्हटलं की आईंची जीभ जड होते. पहिल्या आलेल्या मुलाच्या वहीवरही "ठीक" लिहायच्या. लग्नानंतर मी जीव ओतून केलेला स्वयंपाक चाखून म्हणाल्या होत्या, "खाण्यासारखं आहे."

"ताईंनी समोरच्यांचं कौतुक करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा," काका म्हणाले. "आपण निर्धास्त!"

आईंनी मात्र घरी येताच पर्स पुन्हा खांद्याला लावली. "चल, त्यांची इमारत बघून येऊ."

"कशाला? दोन वाक्यंच तर बोलायची आहेत."

"न बघता बोलू? पोरांना निबंधसुद्धा बघून लिहायला लावायचे मी."

गुंडीला कडेवर घेऊन मी निघाले. समोरच्यांची इमारत गोदीच्या मागच्या गल्लीत होती; ती जुनी पाडून तिथेच नवी बांधायला त्यांना पैसे हवे होते. तिच्या प्रत्येक मजल्यावरच्या गॅलरीला लोखंडी टेकू दिलेले. टेकूंना दोऱ्या बांधून त्यावर मोजे, दुपटी, कुणाचा तरी गणवेश वाळत घातलेला. वर चढलो तर एक आजोबा दारातूनच ओरडले, "मधून नको, मधून नको! भिंतीकडून या!" गॅलरीचा मधला भाग वजन पेलत नव्हता. दोन मुली शाळेतून आल्या, दप्तरं पोटाशी धरून भिंतीला खांदा घासत घरात गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी खाली बघितलंही नाही. परतताना आई गल्लीच्या टोकाशी थांबल्या आणि त्या गॅलरीकडे वळून पुन्हा एकदा बघून घेतलं. आईंनी असं दोनदा बघितलं की काहीतरी शिजत असतं.

सभेच्या दिवशी काका झकास बोलले. कारखान्याची जागा पालिकेचीच, बस दारात, रुग्णालय जवळ. समिती माना डोलवत होती. समोरच्यांनी एक सल्लागार नेमला होता, कडक इस्त्रीचा. तो पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत बोलत राहिला. इमारतीचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, "सद्यस्थिती: दुरुस्तीपलीकडे." आणि पुढच्या चौकोनाकडे वळला. आमच्याबद्दल म्हणाला, "यांचा आराखडा नीटनेटका आहे," आणि बसला.

मग आई उठल्या. काकांनी मला डोळा मारला.

"मला कौतुक करता येत नाही," आई म्हणाल्या. "म्हणून बघितलं तेच सांगते. या इमारतीतली माणसं भिंतीला धरून चालतात. गॅलरीचा मधला भाग त्यांच्यासाठी नाहीच. लहान मुलांना हे शिकवावंही लागत नाही, इतकी सवय झालीय. जरा मागे वळून बघा."

सगळ्यांनी बघितलं. सभागृहात मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. समोरच्यांची माणसं, म्हातारी, बाया, त्या दोन मुली, सगळी भिंतीलगत रांगेत उभी होती.

"आम्हाला घर हवंय," आई म्हणाल्या. "माझ्या नातीला चालायला जागा नाही. पण ती पडली तर फरशीवर पडेल, आणि मी उचलेन. यांचं तसं नाही. यंदा पैसे एकाच इमारतीपुरते असतील तर आधी यांना द्या. हे मी नियम म्हणून सांगत नाही. मला पटलंय म्हणून सांगते."

आई बसल्या. मला रडू येत होतं, रागाचं की कशाचं ते तेव्हा कळलं नाही. घर हातातून निसटताना दिसत होतं, आणि तरी या बाईच्या शेजारची खुर्ची माझी आहे, याने माझी मान आपोआप ताठ झाली होती.

मतं पडली. समोरच्यांना निधी मिळाला. अध्यक्षबाई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा येऊ दे. तुमच्या जागेला तोवर हात लागणार नाही." वचन एवढंच.

पालिकेच्या पायऱ्यांवर आमच्या माणसांनी आईंना गाठलं.

"ताई, अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात!" काकांचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "आमच्याही पायावर!"

"मारला," आई म्हणाल्या. "वर्षभर दुखेल. मला शिव्या द्या, ऐकून घेईन."

"शिव्या देऊन घर मिळतं का?" एक बाई फणकारली. "यांना गटातून काढा. पुढच्या वर्षी पुन्हा आणखी कुणाचा पुळका येईल."

आईंनी पर्सची पट्टी नीट केली, जणू निघायचंच आहे. आईंना असं परकं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"काढायचं तर आमचं अख्खं घर काढा," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, कडेवरची गुंडी दचकली. "पण आधी सांगा, तुम्ही त्या गॅलरीत जाऊन आलात कुणी? मी गेले होते. आणि जाऊन आल्यावरही मी गप्पच बसले असते. या बसल्या नाहीत. मला तरी माझ्या पोरीला अशाच माणसाजवळ वाढवायचंय. खोली कितीही लहान असो."

काकांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, त्यांच्या मानाने खालच्या, "पुढच्या वर्षी समोर कोण येईल कुणास ठाऊक. त्यांची इमारत बघायला सगळेच जाऊ. माझी बस रविवारी सुट्टीवर असते, पण मी असतो."

"मग आपली बाजू कोण मांडणार?" फणकारलेल्या बाईने विचारलं.

"ताई मांडतील," काका म्हणाले. "यांनी एकदा म्हटलं की आम्हाला घर हवंय, तर समितीची काय बिशाद आहे नाही म्हणायची!"

आईंनी गुंडीला माझ्या कडेवरून घेतलं आणि पायऱ्या उतरायला लागल्या. मी त्यांच्या मागून नाही, बरोबरीने उतरले.